सुलतान खानचा अर्धा राहिलेला डाव

फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, एका खेळाडूला सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला. महासंघाचे अध्यक्ष तेव्हा पाकिस्तानच्या दौऱ्यावर होते. किताब स्वीकारायला तो खेळाडू हजर असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याला जाऊन ५८ वर्षे होत आली होती. पाकिस्तानच्या वाट्याला आलेला हा पहिला ग्रँडमास्टर. पण ज्या वर्षांत त्याने जगातल्या बलाढ्य खेळाडूंना नमवले, त्या वर्षांत पाकिस्तान नावाचा देशच नव्हता. तेव्हा तो हिंदुस्थानचा होता आणि खेळत होता इंग्लंडच्या वतीने. मीर सुलतान खान हे त्याचे नाव.

आज आपल्याकडे ग्रँडमास्टर हा शब्द घराघरांत पोचला आहे. नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख ही नावे शाळकरी पोरांना पाठ आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये दिव्याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्यासरशी ती ग्रँडमास्टरही झाली, तेव्हा परंड्यासारख्या तालुक्याच्या गावातही पेढे वाटावेत असे लोकांना वाटले. या मुलांच्या यशाचा आनंद घेताना, त्यांच्या आधी सुमारे शंभर वर्षे याच मातीतून उठून थेट कॅपाब्लांकाला हरवणाऱ्या माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. कारण ती नुसत्या यशाची गोष्ट नाही. हुशारी एकाची आणि तिच्यावरचा ताबा दुसऱ्याचा, असे झाले म्हणजे काय होते, त्याची ती गोष्ट आहे.

सुलतान खानचा जन्म १९०५ च्या सुमारास पंजाबातल्या खुशाबजवळच्या मिठा टिवाना या गावी झाला. आज हे गाव पाकिस्तानात आहे. वडील मियाँ निजामुद्दीन यांनी पोराला नवव्या वर्षाच्या आसपास पटासमोर बसवले. पट होता तो देशी बुद्धिबळाचा.

हा देशी खेळ आजच्या तरुण वाचकांना ठाऊक नसेल. आपल्या आजोबांची पिढी मात्र तोच खेळत असे. किल्ल्याच्या वेशीजवळच्या पारावर सतरंजी टाकून बसलेली म्हातारी माणसे ज्या नियमांनी खेळत, त्यांत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर पुढे सरकायचे. आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी, शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरे उडी मारता येई. पलीकडच्या टोकाला पोचलेले प्यादे सरसकट वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचले, तेच मोहरे मिळे. प्रतिपक्षाचा राजा एकटाच उरला तर ती बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. प्रांताप्रांतांत या नियमांत फरक असत, पण खेळाचा स्वभाव एकच होता. सैन्य सावकाश जमवायचे, गडबड करायची नाही, आणि शेवट आपल्या हातात ठेवायचा. सुलतान खानच्या हाडीमांसी हाच स्वभाव मुरला. एकविसाव्या वर्षी तो पंजाबातला सर्वांत बलवान खेळाडू गणला जाऊ लागला.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात सर उमर हयात खान टिवाना आले. पंजाबातले मोठे जमीनदार, पलटणीत मोठा हुद्दा मिळवलेले, इंग्रज सरकारचे निष्ठावंत. त्यांचे चिरंजीव खिजर हयात पुढे १९४२ ते १९४७ या काळात पंजाबचे पंतप्रधान होते. सर उमर यांना बुद्धिबळाची भारी हौस. त्यांनी सुलतान खानला पदरी ठेवले आणि युरोपीय नियम शिकवण्याची व्यवस्था केली.

पदरी ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. परंडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. जहागीरदाराची ड्योढी, तिच्या सावलीत वाढणारे गवई, पहिलवान आणि शिकारी हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. हा आश्रय वाईटच असे म्हणता येणार नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पहिलवानांना आणि गवयांना हात दिला म्हणून कुस्ती आणि गाणे दोन्ही तगले. पण आश्रयाला एक दुसरी बाजू असते. खुराक मिळतो, मान मिळतो, पण कुठे जायचे आणि केव्हा परतायचे, हे आपल्या हाती राहत नाही.

परंड्याच्या किल्ल्याने ही दुसरी बाजू एका तोफेच्या रूपाने पाहिली आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ पुढे परंड्याला होती. १६३२ मध्ये ती इथून उचलून विजापूरला नेण्यात आली. आजही ती तिथल्या बुरुजावर आहे, आणि लोक तिला विजापूरची तोफ म्हणून ओळखतात. ज्याच्या हाती बळ, त्याच्या बुरुजावर तोफ. तोफेला विचारण्याची गरज नसते. माणसाला मात्र विचारायला हवे असते.

१९२८ मध्ये सुलतान खानने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडला, हरला एकही नाही. पुढच्या वर्षी सर उमर लंडनला निघाले, कारण भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली होती. त्यांच्याबरोबर सुलतान खानही १९२९ च्या वसंतात लंडनला पोचला.

तिथे त्याच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली. तीत तो संयुक्तपणे शेवटचा आला. नवल नव्हते. युरोपात डावाच्या पहिल्या दहा-बारा चालींवर शेकडो पुस्तके लिहिली गेली होती आणि तिथले खेळाडू ती लहानपणापासून घोकत. सुलतान खानने ती अभ्यासलेली नव्हती. ज्या खेळाच्या नियमांशी त्याची ओळख जेमतेम तीन वर्षांची, त्या खेळात तो शतकभराच्या साठवलेल्या ज्ञानाशी एकटा झुंजत होता. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्याच्याकडून सराव करून घेतला. काही महिन्यांतच, त्याच उन्हाळ्यात, रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. शेवटचा आलेला सुलतान खान ती जिंकून मोकळा झाला.

लंडनच्या क्लबांत खळबळ माजली असेल यात शंका नाही. डोक्याला फेटा, चेहरा निर्विकार, इंग्रजी बोलणे नाममात्र. पटावर बसला की मुद्रेवरून डाव चांगला चालला आहे की वाईट, याचा थांग लागत नसे. सुरुवातीच्या चालींत तो बहुधा मागे पडे. पण डावाचा मध्य आला, मोहरी कमी होऊ लागली, की त्याची पकड घट्ट होत जाई. उत्तरार्धात, राजा आणि चार प्यादी उरलेल्या पटावर, त्याच्याशी गाठ पडणे भल्याभल्यांना नको वाटे. देशी खेळातले एकेक घर सरकणारे प्यादे त्याला इथे उपयोगी पडले, असे मला वाटते. घाई न करण्याची सवय पुस्तकातून लागत नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस तो मायदेशी परतला आणि मे १९३० मध्ये पुन्हा इंग्लंडला आला. मग त्याच्या बहराची वर्षे सुरू झाली. हॅम्बुर्गच्या ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या संघाने त्याला पहिल्या पटावर बसवले. बेल्जियममधल्या लिएज इथे तो टार्टाकोव्हरच्या पाठोपाठ दुसरा आला. आणि १९३० संपून १९३१ उजाडत असताना हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याची गाठ होजे राऊल कॅपाब्लांकाशी पडली.

कॅपाब्लांका म्हणजे १९२१ ते १९२७ या काळातला जगज्जेता. १९१६ ते १९२४ अशी सलग आठ वर्षे तो एकही डाव हरला नव्हता. त्याला यंत्र म्हणत. या यंत्राला सुलतान खानने ६५ चालींत हरवले, तेही एखाद्या चमकदार हल्ल्याने नव्हे. कॅपाब्लांका ज्या सावकाश, गळा आवळत जाणाऱ्या खेळासाठी प्रसिद्ध होता, त्याच खेळाने. स्पर्धेत मॅक्स यूवे पहिला, कॅपाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा आला. पुढे कॅपाब्लांकाने त्याच्याविषयी लिहिताना त्याच्या प्रतिभेला असामान्य म्हटले. परके नियम आणि परकी भाषा असूनही जो अजिंक्यपदापर्यंत पोचतो, त्याच्यात विलक्षण काही असले पाहिजे, असा त्याच्या लिहिण्याचा आशय होता.

ते दिवस आपल्याकडे कसे होते? १९३० च्या मे महिन्यात शेजारच्या सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला होता. हेस्टिंग्जची स्पर्धा आटोपून आठवडा होतो न होतो तोच, १२ जानेवारी १९३१ रोजी, सोलापूरचे मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी झाली. एकीकडे साम्राज्य हिंदुस्थानी माणसाला फासावर चढवत होते आणि दुसरीकडे एका हिंदुस्थानी माणसाला आपला विजेता म्हणून मिरवत होते. सुलतान खानने या विसंगतीवर काही म्हटल्याचे कुठे नमूद नाही. त्याला कोणी विचारलेही नसावे.

त्याच हिवाळ्यात टार्टाकोव्हरशी बारा डावांचा सामना झाला. तो सुलतान खानने साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. उन्हाळ्यात प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये त्याने सतरा डावांत आठ जिंकले, सात बरोबरीत सोडले आणि फक्त दोन गमावले. हरवलेल्यांत सालो फ्लोर आणि अकिबा रुबिनस्टाइन होते. तेव्हाचा जगज्जेता अलेखिन त्याच्याशी बरोबरीवर सुटला. १९३१ चे ब्रिटिश अजिंक्यपद येट्सने नेले, पण १९३२ आणि १९३३ मध्ये ते पुन्हा सुलतान खानकडे आले. बुद्धिबळाचे इतिहासकार त्याला त्या काळच्या जगातल्या पहिल्या दहांत धरतात.

हे सगळे चालले असताना इंग्लंडची हवा त्याला सोसत नव्हती. पंजाबच्या कोरड्या उन्हात वाढलेला देह. हिवतापाचे दुखणे अंगी होतेच, त्यात सर्दी आणि घशाचे विकार. गळ्याभोवती कापड गुंडाळून तो स्पर्धांना बसत असे.

१९३३ च्या उन्हाळ्यात या गोष्टीत आणखी एक नाव उजळले. सर उमर यांच्याच लंडनच्या घरी राहणारी फातिमा नावाची तरुणी ब्रिटिश महिला स्पर्धेत उतरली. अकरा डावांत दहा जिंकून आणि एक बरोबरीत सोडून, दुसऱ्या क्रमांकाला तब्बल तीन गुणांनी मागे टाकत तिने ती जिंकली. एकाच वर्षी पुरुषांचे आणि महिलांचे अशी दोन्ही ब्रिटिश अजिंक्यपदे एका पंजाबी जमीनदाराच्या घरात आली. साम्राज्याच्या राजधानीत याहून मोठा विजय कोणता?

त्याच काळातली एक हकिकत अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन याने लिहून ठेवली आहे. फोकस्टोनच्या ऑलिंपियाडनंतर सर उमर यांनी अमेरिकन संघाला घरी जेवायला बोलावले. पाहुणे टेबलावर बसले आणि पाहतात तो काय, त्यांना वाढायला उभा होता खुद्द सुलतान खान. ज्याच्याशी खेळायला जगातले बलाढ्य खेळाडू बिचकत, तो त्यांच्या ताटात वाढत होता. पाहुण्यांना काय करावे ते सुचेना.

हा प्रसंग त्यानंतर शेकडो वेळा सांगितला गेला. त्यातून एक दंतकथा तयार झाली. निरक्षर नोकराने साहेबांना हरवल्याची. २०२० मध्ये एका इंग्रज ग्रँडमास्टरने लिहिलेल्या त्याच्या चरित्राच्या नावातच नोकर हा शब्द होता. तेव्हा सुलतान खानच्या घरच्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की घराणे पीरांचे आणि जमीनदारांचे होते, तो कोणाचा नोकर नव्हता आणि त्याला निरक्षर ठरवणेही चुकीचे आहे.

यात खरे कोणाचे? मला वाटते, आपल्याकडच्या वाड्यांत वावरलेल्या माणसाला दोन्ही बाजू एकत्र समजू शकतात. आश्रित माणूस घरंदाज असू शकतो आणि मालकाच्या पाहुण्यांना स्वतः वाढणे हा त्या घरच्या आदबीचा भागही असू शकतो. अमेरिकन पाहुण्याला त्यात केवळ चाकरी दिसली असेल. पण सुलतान खानला नोकर म्हणा की सन्मान्य आश्रित म्हणा, मूळ मुद्दा बदलत नाही. त्याच्या स्पर्धा, त्याचा प्रवास, त्याचा मुक्काम आणि त्याचे परतणे हे त्याने ठरवले नव्हते. दंतकथेत चमत्कार मोठा होतो आणि हा मुद्दा मात्र हरवतो.

या मुद्द्याचा पुरावा तारखांत आहे. उभा जन्म बँकेत काढल्यामुळे मला तारखा पडताळून पाहण्याची खोड आहे. सर उमर यांची लंडनची नेमणूक १९२९ ची. सुलतान खानची युरोपातली कारकीर्दही १९२९ ला सुरू होते. १९३३ च्या डिसेंबरात सर उमर त्याला घेऊन मायदेशी परतले, तिथे ती संपते. एका प्रतिभावंताची सारी कारकीर्द एका साहेबाच्या बदलीच्या दोन आदेशांमध्ये मावली आहे. मधले मायदेशातले महिने वजा केले तर पाच वर्षेही भरत नाहीत. वय तेव्हा अठ्ठावीसच्या आसपास. बुद्धिबळपटूचा खरा कस लागायचा तो यानंतरच्या दशकात. सुरुवातीच्या चालींतला त्याचा कच्चेपणा आणखी चार वर्षांच्या सरावाने भरून आला असता, तर तो कुठवर गेला असता? खातेदार तो होता, पण सही दुसऱ्याची चालत होती.

मायदेशी परतल्यावरचा त्याचा एक सामना आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९३५ मध्ये त्याची गाठ महाराष्ट्राचे त्या काळचे नामांकित खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी पडली. दहा डावांत खाडिलकरांना फक्त एक बरोबरी मिळाली, बाकीचे नऊ सुलतान खानने जिंकले. खाडिलकरांना यात उणेपणा नाही. जगातल्या पहिल्या दहांतला माणूस समोर असताना दुसरे काय होणार? पण यातून एक गोष्ट दिसते. त्याचा हात अजून उतरला नव्हता. तरीही या सामन्यानंतर स्पर्धात्मक बुद्धिबळात त्याचे नाव पुन्हा दिसत नाही. फातिमाचेही दिसत नाही.

सर उमर १९४४ मध्ये वारले. जाताना त्यांनी सुलतान खानच्या नावे थोडी शेती ठेवली. फाळणी झाली, पंजाब रक्ताने न्हाला, आणि ज्याला जगाने हिंदुस्थानचा म्हणून ओळखले होते तो आपल्या जागेवर बसल्या बसल्या दुसऱ्या देशाचा झाला. गावाजवळच्या जमिनीवर त्याने संसार केला, मुले वाढवली.

१९५० मध्ये फिडेने अधिकृत ग्रँडमास्टरांची पहिली यादी काढली. त्या वेळी हयात असलेल्या २७ खेळाडूंना किताब मिळाला. त्यांत टार्टाकोव्हर होता, ज्याला सुलतान खानने सामन्यात हरवले होते. फ्लोर होता, ज्याला त्याने प्रागला हरवले होते. रुबिनस्टाइनही होता. या रुबिनस्टाइनने तर १९३२ पासून स्पर्धा खेळणे सोडले होते, म्हणजे सुलतान खानच्याही आधी. त्याची जुनी कामगिरी आठवून फिडेने त्याचा गौरव केला, आणि ते योग्यच होते. सुलतान खान तेव्हा पंचेचाळिशीत होता, हयात होता, शेती करत होता. त्याचे नाव यादीत नव्हते.

२५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा इथे क्षयाने त्याचा अंत झाला. भारताला पहिला ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंदच्या रूपाने मिळाला तो १९८८ मध्ये. महाराष्ट्राला प्रवीण ठिपसेंच्या रूपाने १९९७ मध्ये. या साऱ्यांच्या कितीतरी आधी जो त्या पायरीवर उभा होता, त्याच्या नावापुढे ती अक्षरे लागायला २०२४ उजाडावे लागले.

सुलतान खानविषयी दोन गोष्टी घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी सांगितल्या आहेत, आणि त्या मला त्याच्या साऱ्या विजयांहून अधिक बोलक्या वाटतात. पहिली फातिमाने सांगितलेली. इंग्लंड सुटल्यावर त्याला कैदेतून मोकळे झाल्यासारखे वाटले होते. ज्या वर्षांना आपण त्याचा सुवर्णकाळ म्हणतो, ती त्याला कैद वाटत होती. थंडी, दुखणी, परकी भाषा आणि दुसऱ्याच्या इच्छेने खेळायचा खेळ. दुसरी गोष्ट त्याच्या मुलाने सांगितलेली. त्याने आपल्या मुलांना बुद्धिबळ शिकवले नाही. याहून काही उपयोगाचे करा, असा त्याचा सल्ला असे.

ज्याच्या हातात देवाने ही विद्या ठेवली, त्याने ती घरात पुढे जाऊ दिली नाही. यात कडवटपणा होता का? असेल. पण मला त्यात एक बापही दिसतो. या विद्येने आपल्याला किती दूर नेले आणि किती परक्या हातांत ठेवले, हे त्याला माहीत होते. मुलांनी आपला रस्ता आपण निवडावा असे त्याला वाटले असेल, तर त्यात वावगे काय?

आज आपल्या घरांतून मुले क्लासला जातात. संगणकावर सराव करतात, आईबाप रजा टाकून त्यांच्याबरोबर स्पर्धांना जातात, कर्ज काढून परदेशी पाठवतात. सुलतान खानला यातले काही मिळाले नाही. आश्रयदाता होता, पण त्याच्या कलाने चालणारे कोणी नव्हते. मुलाच्या हुशारीला आपण खतपाणी घालतो ते तिच्यासाठी, की आपल्या बुरुजावर मिरवायला एक तोफ हवी म्हणून, हे प्रत्येक घराने अधूनमधून तपासून पाहावे. मूल थकले आहे का, त्याला हे हवे आहे का, एवढे विचारायला काही लागत नाही. सुलतान खानला ते कोणी विचारले असते, तर कदाचित तो लवकर घरी परतला असता. कदाचित आणखी दहा वर्षे खेळलाही असता. दोन्हींतले काहीही झाले असते, तरी तो डाव त्याचा स्वतःचा असता.